पान बरोबर, कुकी दुसऱ्याची: गिटहबने सगळ्यांना लॉगआउट का केले

२ मार्च २०२१ रोजी गिटहबच्या, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या साइटच्या, सपोर्टकडे एक तक्रार आली. एक वापरकर्ता स्वतःच्या खात्याने लॉगिन होऊन नेहमीसारखा वावरत होता आणि मध्येच त्याच्या लक्षात आले की आपण भलत्याच माणसाच्या खात्यात आहोत. त्याने ताबडतोब लॉगआउट केले आणि कळवले. काही तासांतच अगदी तशीच दुसरी तक्रार आली. एकच तक्रार असती तर सामायिक लॅपटॉप असेल, घरातल्या दुसऱ्या कोणाचे लॉगिन राहिले असेल, असे म्हणून कोणीही ती बाजूला सारली असती. एकमेकांना न ओळखणारे दोघे तेच सांगतात म्हटल्यावर ती सोय राहत नाही.

पुढे जे झाले ते वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने वाचावे असे आहे. ५ मार्चला पहिली दुरुस्ती झाली, ८ मार्चला दुसरी, आणि त्याच दिवशी गिटहबने आपल्या साइटवरची सगळ्यांची लॉगिन सेशन (लॉगिन झाल्यापासून लॉगआउटपर्यंत टिकणारी ओळख) रद्द केली. फटका बसलेली सेशन एकूण सेशनच्या ०.००१ टक्क्याहूनही कमी होती. तरी बाहेर काढले सगळ्यांना. हा निर्णय बरोबर होता असे माझे ठाम मत आहे. तो घेता आला, कारण त्यांचे लॉगआउट सर्व्हरवर चालत होते. आपल्याकडच्या कित्येक ॲप्समध्ये ते नुसते ब्राउझरमध्ये चालते, आणि तशा ठिकाणी हाच प्रसंग ओढवला तर हात बांधलेले राहतील.

कुकीवरची बंधने कुठे कमी पडली

एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या पद्धतीला, मागचे काही आठवत नाही. ही उणीव भरून काढायला १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरकडे ठेवायचा माहितीचा छोटा तुकडा, आणली. सर्व्हर रिस्पॉन्सबरोबर सेट-कुकी हेडर (पानासोबत जाणारी सूचनेची ओळ) पाठवतो, ब्राउझर ती कुकी साठवतो आणि त्या साइटला जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टबरोबर परत दाखवतो. लॉगिन कुकीत सहसा एक लांबलचक, अंदाज बांधता येणार नाही अशी अक्षरमाळ असते. देवळाबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर मिळणाऱ्या बिल्ल्याची जी गत, तीच हिची: बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या. माणूस तोच आहे का, हे स्टँडवाला पाहत नाही.

ही अक्षरमाळ चुकीच्या हाती पडू नये म्हणून आजवर बरीच बंधने आली. सिक्युअर म्हटले की कुकी फक्त एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवरून जाते. एचटीटीपीओन्ली हे बंधन मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये आणले. ते लावले की पानावरच्या जावास्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही. २०१० मध्ये फायरशीप नावाच्या फायरफॉक्स एक्स्टेंशनने कॅफेतल्या उघड्या वायफायवर शेजाऱ्याची कुकी उचलणे किती सोपे आहे हे साऱ्या जगाला दाखवले, आणि पूर्ण साइट एचटीटीपीएसवर नेण्याचा रेटा वाढला. दुसऱ्या साइटवरून निघालेल्या रिक्वेस्टबरोबर कुकी जावी का हे सेमसाइट ठरवते; फेब्रुवारी २०२० पासून क्रोम ८० मध्ये ते सांगितले नसेल तर लॅक्स, म्हणजे लिंकवरून आल्यास जावी, एरवी नाही, असे धरले जाऊ लागले.

ही सगळी बंधने एकाच गृहीतकावर उभी आहेत: सर्व्हरने कुकी योग्य माणसाला दिली, आता वाटेत किंवा ब्राउझरमध्ये ती कोणी पळवू नये. इथे कोणी काहीच पळवले नव्हते. गिटहबच्या सर्व्हरनेच, व्यवस्थित एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवरून, एकाची कुकी दुसऱ्याच्या हातात दिली होती. ब्राउझरच्या दृष्टीने तर सारे रीतसर होते. नाव तेच, डोमेन तोच, पाथ तोच, म्हणून त्याने जुनी कुकी पुसून नवी ठेवली.

शोध

असे काही झाले की पहिला संशय कॅशवर (तयार पाने साठवून पुन्हा देणारी व्यवस्था) आणि लोड बॅलन्सरवर (रिक्वेस्ट अनेक मशिनांत वाटणारी व्यवस्था) जातो, आणि तो रास्त आहे. २०१५ च्या नाताळच्या दिवशी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात नेमके तसे घडले होते. हल्ल्याच्या वेळी रहदारी सांभाळायला कॅशिंगची जी रचना लावली, तीत चूक होती, आणि लॉगिन केलेल्या लोकांची पाने इतरांना दिसली. सुमारे ३४ हजार जणांची पाने अशी उघडी पडल्याचे स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने नंतर सांगितले. पण तिथे गळाली ती पाने. सेशन ज्याचे त्याच्याकडेच राहिले. दुसऱ्याचा पत्ता दिसला तरी त्याच्या नावाने खरेदी करता येत नव्हती.

गिटहबच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, याच्या बरोबर उलट दिसले. ज्या रिस्पॉन्समधून घोटाळा झाला, त्यातले पान अगदी बरोबर, ज्याचे त्यालाच गेलेले होते. चुकली होती फक्त कुकी. कॅशची चूक असती तर पान आणि हेडर मिळून चुकले असते. शिवाय ज्याची कुकी गेली आणि ज्याला मिळाली, त्या दोघांच्याही रिक्वेस्ट एकाच मशिनवरच्या एकाच प्रोसेसने (चालू असलेल्या प्रोग्रामने) थोड्या वेळापूर्वीच हाताळल्या होत्या. एका प्रकरणात लागोपाठ, दुसऱ्यात मध्ये दोन-एक रिक्वेस्ट होऊन. तपासाची दिशा इथे पालटली. प्रोसेसच्या आत, एका रिक्वेस्टमधून दुसरीत काहीतरी झिरपत होते.

हा निष्कर्ष काढता आला, कारण कोणती रिक्वेस्ट कोणत्या मशिनवर, कोणत्या प्रोसेसमध्ये गेली आणि कोणत्या सेशनशी जोडलेली होती, हे सारे नोंदलेले होते. आपल्या लॉगमध्ये बहुतेक वेळा पाथ, वेळ आणि स्टेटस एवढेच असते. सेशनचा मूळ आयडी लॉगमध्ये लिहू नये हे खरे. लॉग वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ती चावी जाईल. पण त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ आयडी परत काढता येत नाही असा ठसा, लिहायला काय हरकत आहे? येताना कोणती कुकी होती आणि जाताना कोणती दिली, हे हॅशवरून जुळवता आले तर अशी गळती कोणाकोणाला लागली ते नावानिशी काढता येते. गिटहबने फटका बसलेल्या खातेदारांना वेगळे कळवले, ते लॉगच्याच जोरावर.

तीन रिक्वेस्ट आणि एक थ्रेड

गिटहब हे रेल्सवरचे (रुबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कवरचे) ॲप्लिकेशन, आणि ते युनिकॉर्न या सर्व्हरवर चालत होते. युनिकॉर्नची पद्धत साधी आहे: एक प्रोसेस, एका वेळी एकच रिक्वेस्ट. रिक्वेस्टची सगळी माहिती, म्हणजे हेडर, कुकी वगैरे, रॅक या रुबीतल्या ठरीव जोडणीच्या रीतीप्रमाणे एका हॅशमध्ये, म्हणजे इथे नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या तक्त्यात (मघाच्या ठशाशी याचा संबंध नाही), भरलेली असते. तो हॅश युनिकॉर्न दर वेळी नवा बनवत नसे. एकच ठेवायचा, रिक्वेस्ट संपली की रिकामा करायचा आणि पुढची त्यात भरायची. एका वेळी एकच रिक्वेस्ट असेल तर यात काहीच वावगे नाही. वर्षानुवर्षे ते बिनबोभाट चालले.

मग कामगिरी सुधारण्यासाठी एक बदल झाला. कोणत्या वापरकर्त्याला कोणती नवी सुविधा चालू आहे याची तपासणी रिक्वेस्ट चालू असताना होत असे, ती मागे ठरावीक अंतराने चालणाऱ्या एका वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यात, नेली. त्या थ्रेडमध्ये काही बिघडले तर त्याची खबर देण्याचे काम चुका नोंदवणाऱ्या लायब्ररीकडे. आणि ही लायब्ररी कोणत्या रिक्वेस्टच्या वेळी चूक झाली हे सांगता यावे म्हणून त्या रिक्वेस्टचे कॉलबॅक (नंतर गरजेला बोलावायची फंक्शन) जवळ बाळगून असे. इतका सरंजाम जमल्यावर घटना घडायला फक्त वेळ जुळून यायचा होता.

आधी एक रिक्वेस्ट येते, लॉगिन न केलेल्या कोणाची तरी. तिचे कॉलबॅक नोंदले जातात. त्यांच्या हाती तिचा कंट्रोलर, म्हणजे ती रिक्वेस्ट हाताळणारा कोड, असतो आणि कंट्रोलरच्या हाती तो एकुलता एक हॅश. तेवढ्यात मागच्या थ्रेडमध्ये एक चूक होते. लायब्ररी त्या क्षणाचा संदर्भ उचलून ठेवते. मुख्य थ्रेड मात्र थांबत नाही. पहिली रिक्वेस्ट संपवून तो दुसरी घेतो. समजा ती मीनलची आहे आणि मीनल लॉगिन आहे. हॅश तोच, पण आता त्यात मीनलची कुकी आहे.

मागचा थ्रेड आता कुठे खबर लिहायला बसतो. कॉलबॅक विचारतो: वापरकर्ता कोण? पहिल्या रिक्वेस्टमध्ये हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, म्हणून उत्तर साठवलेले नाही. तेव्हा पहिल्या रिक्वेस्टचा कंट्रोलर ओळख पटवायला निघतो, हॅशमध्ये कुकी शोधतो आणि त्याला मीनलची कुकी सापडते. मीनलची रिक्वेस्ट एव्हाना पूर्ण झालेली असते. तिसरी येते, समजा सुहासची. सुहासची ओळख रीतसर पटते, त्याचे पान तयार होऊ लागते. आणि नेमके तेव्हाच मागच्या थ्रेडचे ओळख पटवण्याचे काम संपते. ते संपताना शेवटी तो सेशनची कुकी हॅशमधल्या कुकींच्या साठ्यात लिहितो. तो साठा आता सुहासच्या रिस्पॉन्सचा आहे.

सुहासला पान स्वतःचेच दिसते. पुढच्या क्लिकला तो मीनल झालेला असतो.

कोणीही मुद्दाम घडवून आणू शकेल अशी ही गोष्ट नव्हती. कोणाची कुकी कोणाला जाईल हेही ठरवता येत नव्हते. ८ फेब्रुवारी ते ५ मार्च या काळात सगळा मिळून दोन आठवड्यांहून कमी वेळ हा बग जिवंत होता. वेळेच्या अशा जुळणीवर अवलंबून असणाऱ्या चुकीला रेस कंडिशन म्हणतात हे खरेच. पण त्या नावावर थांबलो तर खालचा एक मुद्दा निसटतो. 'वापरकर्ता कोण' हा नुसता वाचण्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना कुकी लिहिली जात होती. ओळख वाचणे आणि कुकी देणे ही दोन कामे एकाच फंक्शनमध्ये गुंफलेली नसती, तर मागच्या थ्रेडने फार तर एका खबरीत चुकीचे नाव लिहिले असते. तेवढ्याने कोणाचे खाते उघडले नसते. सेशनची मुदत वाढवायची म्हणून प्रत्येक रिस्पॉन्सबरोबर कुकी पुन्हा पाठवण्याची सवय बऱ्याच फ्रेमवर्कमध्ये आहे. जितक्या वेळा कुकी बाहेर पडते, तितक्या वेळा ती चुकीच्या पाकिटात पडण्याची संधी असते. माझ्या मते कुकी दोनच वेळा लिहावी, लॉगिन होताना आणि जाणीवपूर्वक नूतनीकरण करताना, आणि ती लिहिणारी जागा सगळ्या कोडमध्ये एकच असावी.

लॉगआउट दाबले, पण कोणाचे?

पहिल्या तक्रारदाराने तातडीने लॉगआउट केले, ते त्याचे सौजन्य. पण त्या बटणाने नेमके काय होते ते पाहण्यासारखे आहे. सुहासच्या ब्राउझरमध्ये आता मीनलची कुकी आहे. सर्व्हरवर सेशनची नोंद पुसणारे लॉगआउट असेल तर पुसली जाईल ती मीनलची नोंद, आणि तिकडे आपल्या घरी बसलेली मीनल काही न करता बाहेर पडेल. तिला ते विचित्र वाटेल, पण ती सुरक्षित होईल. याउलट लॉगआउट म्हणजे फक्त ब्राउझरमधली कुकी काढणे असेल, तर सुहासकडची प्रत जाईल एवढेच. सुहासने कुकीची नक्कल आधीच करून ठेवली असती, तर ती नक्कल मुदत संपेपर्यंत चालत राहिली असती.

'माझी सेशन' असे पान बऱ्याच साइट देतात. कुठल्या उपकरणावर लॉगिन आहे ते दाखवतात. ते उपयोगी आहे, पण इथे त्याने मीनलला सावध केले नसते. दोन ब्राउझर एकच आयडी वापरत आहेत, म्हणजे नोंद एकच, यादीत ओळ एकच. फार तर आयपी पत्ता बदललेला दिसेल.

म्हणून वापरकर्त्यांवर सोडून भागणारे नव्हते. ८ मार्चला १२:०३ यूटीसीच्या आधी, म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळी ५ वाजून ३३ मिनिटांच्या आधी, तयार झालेले प्रत्येक सेशन गिटहबने रद्द केले. पासवर्ड, एसएसएच की किंवा पर्सनल ॲक्सेस टोकन (ब्राउझरशिवाय काम करण्याच्या किल्ल्या) फुटल्याचा पुरावा नाही हेही त्यांनी सांगितले. एसएसएचवरून कोड पुश करण्यात या कुकीचा संबंधच नसतो, त्यामुळे त्रास झाला तो ब्राउझरमध्ये पुन्हा पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याचा कोड टाकण्यापुरता. ज्यांचा पुरावा लॉगमध्ये सापडला त्यांना कळवता येते. ज्यांचा सापडला नाही त्यांच्याविषयी अंदाज करत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदा बाहेर काढणे हेच प्रामाणिक.

आता हाच प्रसंग आपल्या ॲपवर आला असे धरा. रेल्समध्ये तुम्ही काहीच बदलले नसेल, तर सेशनची माहिती एन्क्रिप्ट होऊन कुकीतच राहते; सर्व्हरवर नोंद नसते. लॉगआउटच्या वेळी सेशन रिकामे केले की ब्राउझरला नवी रिकामी कुकी जाते, पण आधीची कुकी कोणाकडे असेल तर ती अजून चालते. सही केलेले टोकन कुकीत ठेवणाऱ्यांचेही हेच. तिथे सगळ्यांना बाहेर काढायचे तर सहीची गुप्त किल्ली बदलावी लागते, आणि एकट्या मीनलला बाहेर काढायचा मार्गच नसतो. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये मात्र सेशन मुळातच डेटाबेसमध्ये असते, आणि लॉगआउट केले की ती नोंद पुसली जाते.

टोकन सोडायचे नसेल तर निदान एक तजवीज आजच करता येते. टोकनमध्ये ते दिल्याची वेळ सहसा असते. वापरकर्त्याच्या टेबलात एक रकाना ठेवायचा, 'या वेळेच्या आधीची टोकन बाद', आणि तशीच एक वेळ सगळ्या ॲपसाठी. प्रत्येक रिक्वेस्टला दोन्ही तपासायच्या. गिटहबने १२:०३ ची जी रेघ मारली, ती मारायची सोय एवढ्याने होते. दर वेळी डेटाबेसकडे जावे लागेल ही तक्रार मी नेहमी ऐकतो. वापरकर्त्याची ओळ तुम्ही बहुतेक रिक्वेस्टमध्ये आणताच, तिच्यात एक रकाना जास्त.

एकट्याचे लॉगआउट

रोजचे, साधे लॉगआउटही याच क्रमाने लिहायला हवे: आधी सर्व्हरवरची नोंद, मग कुकी. कुकी काढण्याचा रिस्पॉन्स नेटवर्क तुटल्याने पोचलाच नाही, तरी मागे राहते ती निरुपयोगी अक्षरमाळ.

कुकी काढण्यात एक खोच आहे, आणि तिच्यावर माणसे अर्धा-अर्धा दिवस घालवतात. एखादीच कुकी पुसण्याचा वेगळा हेडर नाही. त्याच नावाची, मुदत संपलेली कुकी पुन्हा पाठवायची असते, आणि नावाबरोबर डोमेन व पाथही जुळावे लागतात. लॉगिनच्या वेळी असे पाठवले असेल,

सेट-कुकी: सेशन=क७फ९...; डोमेन=उदाहरण.कॉम; पाथ=/; सिक्युअर; एचटीटीपीओन्ली; सेमसाइट=लॅक्स

आणि लॉगआउटला असे,

सेट-कुकी: सेशन=; पाथ=/; मॅक्स-एज=०

तर ब्राउझरच्या लेखी ही दुसरीच कुकी आहे. पहिली सर्व उपडोमेनांची, दुसरी फक्त या एका होस्टची. दुसरी जन्मताच मरते, पहिली जागच्या जागी राहते, आणि लॉगआउट दाबूनही माणूस आतच असतो.

लॉगआउट लिंक म्हणून ठेवू नये, पोस्ट करणारे बटण असावे आणि त्याला सीएसआरएफ टोकन (रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आली याची खूण) असावे. मे २००५ मध्ये गुगल वेब ॲक्सेलरेटर आले, ते पानावरच्या लिंका वापरकर्त्याच्या आधीच उघडून ठेवत असे. काही ॲप्समध्ये डिलीटच्या लिंकाही त्याने अशाच उघडल्या. सेमसाइट लॅक्समुळे दुसऱ्या साइटवरच्या चित्राआडून लॉगआउट करवणे आज बंद झाले आहे, पण साध्या लिंकवरून येणाऱ्या गेट रिक्वेस्टबरोबर लॅक्स कुकी जातेच. आत गेल्यावरच्या पानांना कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर (ब्राउझरने पान साठवू नये ही सूचना) लावावे, नाहीतर सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये पुढचा माणूस मागे जाण्याचे बटण दाबून आधीच्याचे पान पाहील.

दुरुस्ती

५ मार्चला गिटहबने तो नवा मागचा थ्रेड काढून टाकला. तेवढ्याने घटनांची साखळी तुटली. पण हॅश सामायिक राहिला असता तर पुढच्या एखाद्या थ्रेडने तीच वाट धरली असती. म्हणून युनिकॉर्नमध्येच बदल केला: प्रत्येक रिक्वेस्टला नवा हॅश. जुना संदर्भ कोणी धरून बसला तरी त्याच्या हाती जुन्याच रिक्वेस्टचा हॅश राहील, पुढच्याच्या कुकीपर्यंत तो पोचणार नाही. हा बदल त्यांनी स्वतःपुरता न ठेवता युनिकॉर्नच्या मूळ प्रकल्पाकडेही पाठवला, त्यामुळे युनिकॉर्न वापरणाऱ्या इतरांनाही तो मिळाला. दर रिक्वेस्टला एक हॅश जास्त बनवण्याचा खर्च, एका रेल्स रिक्वेस्टमध्ये एरवी बनणाऱ्या हजारो ऑब्जेक्टच्या मानाने, मोजण्यातही येत नाही.